आईने कार्ड कसं मिळवलं

गळ्यातली कार्डं मिरवणाऱ्यांनो, माझ्या आईने तिचं कार्ड एका उत्तरावर कसं मिळवलं ते ऐका. हडपसरच्या एका सरकारी ऑफिसच्या कँटीनमध्ये ती वीस वर्षं भाकऱ्या करत होती. नव्या ओळखपत्रांसाठी सगळ्यांच्या बोटांचे ठसे घ्यायचं ठरलं. आईचे ठसे काही केल्या मशीनवर उमटेनात. तव्याच्या चटक्यांनी बोटं पार गुळगुळीत झालेली.

साहेब म्हणाले, "मावशी, ठशांशिवाय ओळख कशी पटणार? कार्ड नसेल तर उद्यापासून गेटवर आत सोडणार नाहीत."

आईने शांतपणे पदराला हात पुसले.

"अहो साहेब, वीस वर्षं रोज तुमच्या भाकरीवर पाची बोटं उमटवून देतेय. जपून ठेवायचं सोडून तुम्हीच खाल्लेत की सगळे ठसे!"