माझं व्याज कुणाच्या नावावर

तुम्हाला सांगते, आमच्या घरात कुणाचा पगार जास्त, हा प्रश्न कधी निघालाच नव्हता. तो काढला माझ्या व्याजानं.

आजोबांनी माझ्या नावावर बँकेत ठेव ठेवलीय. मी अठराच्या आतली, म्हणून तिचं व्याज आईवडिलांपैकी एकाच्या उत्पन्नात दाखवायचं असतं. पाथर्डीच्या कर सल्लागार काकांकडे पप्पा बसता बसताच म्हणाले, "माझ्यात धरा. पोरगी माझी हाय."

काका हसले. "कायदा पोरगी कुणाची ते विचारत नाही, साहेब. उत्पन्न कुणाचं जास्त, ते विचारतो."

"मग माझंच की! मी कारखान्यात हेडक्लार्क, ही नर्स."

आईनं पर्समधून पगाराचा कागद काढून टेबलावर ठेवला. काकांनी दोघांचे कागद शेजारी लावले आणि पेन आईच्या कागदावर टेकवलं. पप्पांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"लई जास्त हाय की गं! कधी बोलली न्हाईस?"

"कुणी विचारलंच न्हाई," आई म्हणाली.

रोज माझ्या वेण्या घालणारी ती हीच का, म्हणून मी बघतच राहिले.

गावाकडे जाणाऱ्या प्रवासी जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा नेहमी पप्पांची. येताना तिथं त्यांनी आईला बसवलं.