आमच्या नावांसाठी फडावर आलेला माणूस

बोरदरीच्या अन् तांड्याच्या माझ्या माणसांनो, लक्ष्मीकाकू, प्रल्हादभाऊ, आज शाळेच्या या पटांगणात पाय ठेवायला जागा न्हाई. तालुक्याहून माणसं आली. सेनगावचे आले, नरसीचे आले. समोर दत्तरावकाकांचा हार घातलेला फोटो आहे, अन् मला त्याच्याकडं बघून बोलता येऊन न्हाई राहिलं. म्हणून मी तुमच्याकडं बघून बोलते. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सुमनबाई राठोड. या गावची सरपंच आहे, पण आज मी तांड्याची सून म्हणून उभी आहे. काकांचा पक्ष वेगळा, माझा वेगळा. त्यांनी मला कधी मत दिलं असंल, असं मला वाटत न्हाई. तरी माझ्या आधी कोणी बोलू नये, असं काकूंनी सांगितलं. काकू, तुमी हा मान दिला, त्याचं ओझं मला समजतं.

जुनी गोष्ट सांगते. तवा आपला हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आपण परभणीतच होतो. मी नवीन लग्न होऊन आले होते. दसरा झाला की आमचा तांडा कुलूप लावून ऊसतोडीला जायचा, तो गुढीपाडव्याच्या आसपास परत यायचा. मागं राहायची फक्त म्हातारी माणसं अन् शेळ्या. अन् निवडणूक नेमकी त्याच दिवसांत आली होती.

मतदानाच्या दिवशी काका या शाळेत पक्षाचे प्रतिनिधी म्हणून बसले होते. आमची माणसं तिकडं ऊस तोडत होती, अन् इथं आमच्या नावांवर मतं पडत होती. माझे सासरे तवा साठीचे होते, तरी आमच्यासोबत ऊस तोडत होते. त्यांच्या नावावर मिशीसुद्धा नीट न फुटलेला एक गडी मत देऊन गेला. काका उठून उभे राहिले. म्हणाले, "साहेब, या नावाच्या माणसाला मी ओळखतो. तो हा न्हाई." साहेब म्हणाले, "खाली बसा." काकांनी दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. शेवटी त्यांनाच बाहेर काढलं. त्यांचा उमेदवार पडला.

त्या दिवसापासून काकांच्या मनात तांडा सलत होता. त्यांचा सगळा पक्षच म्हणायचा, तांड्याची नावं म्हणजे खोटी नावं, ती आहेत तवर आपण निवडून येत न्हाई. आता विचार करा, त्यांची भीती खोटी होती का? न्हाई. चोरी खरीच झाली होती.

मग जिल्हा परिषदेची निवडणूक आली. या वेळी काका स्वतः उमेदवार होते. यादी दुरुस्तीला निघाली, अन् काकांनी तांड्याच्या नावांवर हरकत घेतली. ही माणसं गावात राहात न्हाईत, यांची नावं काढा, असं लिहून दिलं. स्वतःच्या सहीनं दिलं. विश्वनाथअण्णा, तुमी तवा त्यांच्या पक्षाचे तालुकाध्यक्ष होते, तुमाला आठवत असंल. तुमी आज आलात, समोर बसलात, बरं वाटलं.

हरकत दिली अन् काका खात्री करायला तांड्यावर आले. दारांना कुलपं. माझी सासू तेवढी ओट्यावर बसून होती. तिला सगळा तांडा याडी म्हणायचा, म्हणजे आई. काकांनी तिला विचारलं, "बाई, मागच्या टायमाला तुमच्या घरची मतं कोणी दिली?"

याडी म्हणाली, "मला काय ठाव? मी गेले तर साहेब म्हणाला, तुझं मत पडलं, घरी जा."

काका म्हणाले, "म्हणूनच आमी ही नावं काढून राहिलो."

याडीनं त्यांना खालून वर बघितलं. म्हणाली, "दत्तराव, चोरी माझ्या घरात झाली. अन् तुमी चोराला सोडून मलाच घराबाहेर काढून राहिले. काहून?"

एवढंच. अन् ती शेळीला पाला टाकायला उठली. काका ओट्यावर बसून राहिले. ही गोष्ट याडीनं मला सांगितली, अन् पुढं काकांनीही सांगितली. दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचा फरक नव्हता. 

असा सवाल अंगावर आला की माणूस काय करतो? बहुतेक माणसं तोंड फिरवतात. काका एस्टीत बसले अन् आमचा उसाचा फड शोधत निघाले.

आमी कुठल्या कारखान्याला गेलो ते याडीला नीट ठाऊक नव्हतं. काका या बसमधून त्या बसमध्ये, विचारत विचारत आले. आमी फडात होतो. माझं लेकरू बांधावर झोळीत होतं. बघते तर धोतर-टोपीतला माणूस पाचटातून वाट काढत येऊन राहिला. पाचटानं पाय कापलेले, बोटाला रक्त. आमाला वाटलं, गावाकडं कोणी गेलं. माझे मालक कोयता टाकून पुढं धावले.

काका म्हणाले, "सगळे खुशाल आहेत. वाईट बातमी माझ्यापाशीच आहे. मी तुमच्या नावांवर हरकत घेतली. तहसीलला सुनावणी आहे. तुमी आले न्हाई तर नावं जातील. म्हणून बलवायला आलो."

आमी एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. आमच्या टोळीतला एक जण म्हणाला, "हरकत तुमीच घेतली अन् बलवायलाबी तुमीच आले?"

"व्हय," काका म्हणाले. "मी लिहिलं तवा तुमी माझ्यासमोर नव्हते."

मुकादम सोडायला तयार न्हाई. गाळप चालू आहे, गाड्या थांबतील, म्हणाला. काका त्याच्याशी भांडले न्हाईत. रात्री आमच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, आमच्यासोबत भाकर-ठेचा खाल्ला, सकाळी परत मुकादमापुढं जाऊन बसले. शेवटी ठरलं, घरटी एक माणूस जाईल, रेशनकार्ड घेऊन. आमच्या घरून मी निघाले, कारण मालक गेले असते तर मोळ्या उचलणारं कोणी उरलं नसतं.

तहसीलच्या व्हरांड्यात आमी रांगेनं बसलो होतो, अंगाला उसाचा वास येत होता. अण्णा, तुमी पक्षाच्या वकिलाला घेऊन आले होते. तुमी काकांना बाजूला घेतलं. तुमी दोघं खांबाच्या पलीकडं होते, पण आमाला सगळं ऐकू येत होतं. तुमी म्हणाले, "दत्तराव, ही मतं तुला पडणार न्हाईत. तांड्याच्या नाईकानं समोरच्या पक्षाला शब्द दिलाय. तू तुझीच निवडणूक घालवून राहिला."

काका म्हणाले, "ठाऊक आहे."

"मग?"

"अण्णा, माणसं खरी आहेत. मी त्यांच्यात जेवून आलो."

तुमची काळजी चुकीची होती, असं मी आजही म्हणत न्हाई. तुमी पक्ष वाचवून राहिले होते. पण साहेबानं आत बोलावलं तवा काका पुढं झाले अन् म्हणाले, "ही हरकत माझी. मी ती मागं घेतो. ही माणसं पोटासाठी बाहेर जातात, गाव सोडून गेलेली न्हाईत. साहेब, तुमाला नाव काढायचंच असंल तर मागच्या टायमाला यांची मतं ज्यानं दिली त्याला शोधा."

साहेबानं एकेकाला नाव विचारलं. माझी पाळी आली. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणसापुढं मी माझं नाव मोठ्यानं सांगितलं. सासरचं सगळं नाव, नवऱ्याचं नाव घेऊन. नवऱ्याचं नाव घ्यायची लाज वाटली. तरी घेतलं. आमची सगळी नावं राहिली.

मतदानाला आमाला आणायला समोरच्या पक्षानं ट्रक धाडला. ट्रक या फाटकापाशी थांबला तवा काकांच्या पक्षाची पोरं चिडली होती. काका पुढं आले, आमच्या नाईकाला राम राम घातला अन् म्हणाले, "सगळे आले का? बरं झालं. ज्याची त्यानं शाई लावून घ्या. दुसऱ्याच्या बोटाला लावू देऊ नका."

मत कोणाला देता, हे त्यांनी विचारलं न्हाई. मी कोणाला दिलं, हे त्यांनी पुढं इतक्या वर्षांत कधी विचारलं न्हाई, अन् मी सांगितलं न्हाई. नाईकाचा शब्द पडला होता, तांडा एकगठ्ठा तिकडं गेला, हे सगळ्या गावाला माहीत आहे. काका पडले. थोडक्यात पडले. तांडा नसता तर आले असते.

काकू सांगतात, निकाल ऐकून घरी आले, हातपाय धुतले, जेवायला बसले अन् म्हणाले, "या टायमाला चोरानं न्हाई पाडलं. खऱ्या माणसांनी पाडलं." अन् पोटभर जेवले.

पण मंडळी, पुढं काय झालं ते पण आठवा. पक्षानं त्यांना परत तिकीट दिलं न्हाई. त्यांच्या माणसांनी त्यांच्याकडं चहाला येणं सोडलं. ज्या पक्षासाठी त्यांनी उमर घातली, तो पक्ष त्यांना आपला म्हणेना, अन् आमच्या पक्षाला ते आपले वाटत नव्हते. मधल्या मधी माणूस एकटा पडला. आमी तांड्याची माणसं त्यांना दिसलं की राम राम घालायचो. राम रामानं कोणाचा एकटेपणा जातो का?

तरी यादी दुरुस्तीचे दिवस आले की काका पिशवी घेऊन निघायचेच. गावात फिरायचे, तांड्यावर फिरायचे. कोण अठराचं झालं, कोणाची सून आली, कोण वारलं. मेलेल्याचं नाव काढायला सांगताना ते त्या घरात आधी पाणी मागून प्यायचे, मग विषय काढायचे.

अन् ते गरीब गाय होते, असं समजू नका. मी सरपंच झाले, तांड्यावर पाण्याची टाकी बांधली. ग्रामसभेत पहिला हात काकांचा. "टाकी गळती आहे," म्हणाले. मी चिडले. म्हणाले, "काका, तुमीच एकदा आमच्यासाठी भांडले, अन् आता आमच्यावरच उठले?" ते म्हणाले, "सरपंच, तुमचं नाव राहावं म्हणून भांडलो होतो. तुमची टाकी गळावी म्हणून न्हाई." सगळी सभा हसली. टाकी दुरुस्त करावी लागली. ती गळत होतीच.

आता शेवटचं सांगते, ते सांगायला जड जातं.

काकांच्या किडन्या गेल्या. प्रल्हादभाऊ त्यांना नांदेडला घेऊन गेले, दवाखान्याजवळ खोली केली. तेवढ्यात इथं यादीची दुरुस्ती येऊन गेली. घराला कुलूप होतं. कोणी तरी सांगितलं, दत्तराव मस्के गाव सोडून गेले. कोणी सांगितलं, मला ठाऊक न्हाई, अन् ते शोधावं असं आता वाटत न्हाई. मुद्दाम केलं असंल, असंही वाटत न्हाई. कुलूप दिसलं, विचारलं न्हाई, झालं. गावात आपण सगळे होतो. तांडा होता, पक्ष होता, मी होते. नांदेड किती लांब आहे? काकांकडं कोणी गेलं न्हाई.

मतदानाच्या दिवशी जीप करून काका आले. चेहरा सुजलेला, प्रल्हादभाऊंच्या खांद्यावर हात. रांगेत उभे राहिले. पुढं जा म्हटलं तर गेले न्हाईत. आत गेले, अन् नाव निघेना. यादी परत परत चाळली. मी खोलीत धावले, म्हणाले, "साहेब, यांना सगळा गाव ओळखतो. मी सरपंच आहे, मी सांगते." साहेब चांगला माणूस होता. म्हणाला, "बाई, माझ्या हातात न्हाई."

काका म्हणाले, "सुमन, त्यांना तकलीफ देऊ नको. साहेब बराबर आहेत. यादीत न्हाई त्याला मत न्हाई."

ते बाहेर आले अन् कट्ट्यावर बसले. मी पाणी दिलं. मला वाटलं, रागावतील. एकदा रागावले असते तर बरं झालं असतं. ते आपल्या कोऱ्या बोटाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "याडी ओट्यावर बसून काय म्हणत होती, ते मला तवा अर्धंच समजलं होतं बघ."

नांदेडला परत जायच्या आधी त्यांनी तहसीलवर जीप थांबवायला लावली. नाव नव्यानं घालायचा अर्ज भरला. प्रल्हादभाऊ म्हणाले, "बाबा, आता कशाला? पुढची निवडणूक कवा, तुमची तब्येत काय." काका म्हणाले, "मी असंन नसंन. नाव असू दे."

त्यानंतर ते फार दिवस न्हाई राहिले.

परवा तहसीलवरून निरोप आला. काकांचं नाव मंजूर झालं, बोरदरीच्या यादीत येऊन राहिलं. अन् मरणाची नोंद ग्रामपंचायतीत होते. म्हणजे त्यांचं नाव काढा, असं लिहून द्यायचं काम आता माझं आहे. नियम आहे, मी देणार. काकांनीच सांगितलं असतं, सरपंच, वेळेवर द्या. पण आधी मी काकूंच्या घरी जाणार. पाणी मागून पिणार. मग सही करणार.

लक्ष्मीकाकू, आमाला त्यांच्यासाठी जे करता आलं असतं, ते आमी केलं न्हाई. आता जे उरलं ते एवढंच आहे. माझ्या गावच्या माणसांनो, तांड्याच्या माणसांनो, कोणत्याही पक्षाचे असा, आता सगळे जागेवर उभे राहू. टोप्या काढा. लेकरांना जवळ घ्या. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.

दत्तरावकाका, राम राम.