कुठलाच नसलेला माणूस

कोणावर हसावं नि कोणावर नाही, याचा तुम्ही वाद घालून राहिले, म्हणून सांगतो. भिलाईच्या कारखान्यात आमच्या चहाच्या बैठकीत एकमेकांच्या मुलखावर जोक चालत. एकदा बलबीरनं नायरच्या मल्याळी हिंदीची नक्कल केली. सारे हसले. नायर उठून गेला, अन् दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे पाठ करून एकटाच चहा प्यायले लागला.

आमाले लई वाईट वाटलं. बैठकीत सर्वात मोठ्यानं हसणारा माणूस नायरच होता. मग ठरलं, आता कोणाच्या मुलखावर, भाषेवर, जातीवर जोक नाही.

चहा आला. सारे चूप. शेवटी बलबीरले राहवलं नाही.

"एक आदमी था."

मी विचारलं, "कहाँ का?"

"कहीं का नहीं."

"क्या करता था?"

त्यानं नायरच्या पाठीकडे पाहिलं. "कुछ नहीं."

"बोलता क्या था?"

"गूँगा था... नहीं, नहीं, गूँगा भी नहीं था. बस, बोलता नहीं था."

"फिर?"

"फिर घर चला गया."

कोणीच हसलं नाही. पण नायरची पाठ गदगदा हलून राहिली होती. तो गिलास घेऊन आला अन् आमच्या मधात बसला.

"उसको हमारे गाँव का बनाओ. लेकिन सुनाऊँगा मैं."

"सुना, भाई!"

"वो आदमी भिलाई आया. इधर उसको एक नागपुरवाला मिला..."

सारे माझ्याकडे पाहू लागले. बैठकीत नागपूरचा मी एकटाच.

मी गिलास खाली ठेवला. म्हटलं, "आगे बोल."