युटाच्या लाल दगडांत नागपूरचा कांदा

पोरांना घेऊन जुलैत युटाला निघालात ना, मग आधी माझ्या बायकोला फोन करा. आमचा प्लॅन मी केला होता. मी पुण्याचा, त्यामुळे त्यात चूक असणं शक्यच नव्हतं. सकाळी निवांत नाश्ता, दुपारी लाल दगडांच्या कमानींपर्यंत हाइक, संध्याकाळी हॉटेलचा पूल.

वैशाली नागपूरची. म्हणाली, “काहून? पोट्ट्यांना भाजायचं आहे काय?” आणि तिने अख्खा दिवस उलटा केला. उजाडायच्या आत निघायचं, ऊन चढायच्या आत परत, दुपारभर पूल. वर उन्हाची लू लागू नये म्हणून नागपुरी रिवाजाप्रमाणे दोन्ही पोरांच्या खिशात एकेक कांदा!

“अगं, कोणी बघितलं तर?”

“बघू दे.”

पहिल्याच दिवशी आम्ही हसतखेळत खाली उतरत होतो, तेव्हा बाकीची कुटुंबं घामाघूम होऊन वर चढत होती. पार्कच्या रेंजरबाईंनी आम्हाला थांबवलं. “लहान मुलांना घेऊन इतक्या शहाणपणाने कोणी येत नाही हो. कुठल्या वेबसाइटवर वाचलंत?”

मी तोंड उघडायच्या आत आमच्या पाच वर्षांच्या सईने खिशातला कांदा काढून त्यांच्यासमोर धरला.

“माय मॉम इज फ्रॉम नागपूर.”