रबराखालचा थर

तुम्हाला सांगते, माझ्या एका सहीनं एका बाईची नोकरी गेली. ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मुलुंडच्या एका आइस्क्रीम कारखान्यात मी लॅबमध्ये होते. मिश्रणात सारखे जंतू सापडायचे. पाइप धुणाऱ्या तारामावशींना मी क्लोरीन दुप्पट करायला लावलं, तरी तेच.

मावशी म्हणाल्या, "बाई, पाइपाच्या जोडाचं रबर काढून बघा ना. खाली बुळबुळीत थर बसलाय. घासल्याशिवाय औषध आत नाही जायचं."

मी नवी नवी ग्रॅज्युएट. म्हटलं, "मावशी, क्लोरीनपुढे जंतू टिकत नाहीत. तुम्हीच नीट धूत नाही."

रिपोर्टमध्येही तेच लिहून सही केली. मावशींना काढलं.

नवी बाई आली, तरी जंतू होतेच. शेवटी मी स्वतः रबर काढून बोट फिरवलं. चिकट, पिवळट थर बोटाला लागला. त्याच्या आडोशाला जंतू मजेत जगत होते.

त्याच संध्याकाळी कांजूरमार्गला मावशींच्या घरी गेले. म्हटलं, "मावशी, चुकले मी. तुमचंच खरं होतं."

मावशींनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "हे कागदावर लिहिलंत?"

नव्हतं लिहिलं हो. पुढेही माझी हिंमत झाली नाही.