समेवरचं 'हाड!'

मंडळी, ऐका! मागच्या महिन्यातला दुसरा रविवार. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. तालुक्याच्या मंगल कार्यालयात आरती-स्पर्धा चाललेली. मोरवंड गावच्या अकरा बायका देवीची आरती म्हणताहेत, पेटीवर दिगंबर गुरव. तिसरं कडवं आलं — आणि पेटीमागून आवाज आला, "हाड!"

हसू नका! घडलं तेवढंच सांगतोय. आता प्रश्न असा — आईची एखादी चूक असेल, तर लेकानं ती सुधारावी की सांभाळावी? सोपं वाटतं? आधी आख्यान ऐका, मग माना डोलवा.

दिगंबरची आई अनसूया. गाव तिला अन्सामावशी म्हणे. वाघजाईच्या देवळातली झाडलोट, दिवाबत्ती तिच्याकडे. आणि गाणं? अहो, तांदूळ निवडताना गाणं, गोवऱ्या थापताना गाणं! नवरा म्हणायचा, "अगं, जेवताना तरी गप!" तर ही घास गिळून पुढची ओळ धरायची! सकाळची आरती सांगायचा मान तिचाच.

गावात एक कुत्रा होता, टिप्या. फार धार्मिक! रोज आरतीला हजर. पण डोळे देवीकडे नाहीत बरं का — नैवेद्याच्या ताटाकडे! आपल्यातही आहेत असे. नावं घेत नाही. दोन कडवी तो सभ्यपणे बसायचा. तिसऱ्या कडव्याला गावाचे डोळे मिटले, की हा पुढं सरकायचा. आणि अन्सामावशी ओळीतला एक शब्द गाळून त्या जागी म्हणायची —

"धाव गं वाघजाई — हाड! — लेकरांच्या घरी!"

आता खुबी ऐका. सम म्हणजे ठेक्याचा पहिला ठोका, जिथं सगळे एकत्र भेटतात. मावशीचं 'हाड' बरोबर त्या समेवर! कुत्रं हाकलायचं, पण सूर सोडायचा नाही, ताल सोडायचा नाही! आपण काय करतो? आरतीत फोन वाजला, की देवीला तसंच ताटकळत ठेवून बाहेर!

असं बारा वर्षं चाललं. मग टिप्या मेला. दुसऱ्या दिवशी तिसरं कडवं आलं, आणि सगळं गाव एका सुरात — "हाड!" कुत्रं नाही, पण हाड आहे! पोरं तर हाडासकटच आरती शिकलेली. शाळेतल्या एका मास्तरांनी अर्थही लावला — "हाड म्हणजे षड्रिपूंना हाकलणं!" अहो, अर्थ लावायला आपल्याकडे माणसं कमी आहेत होय? मी स्वतः त्यावरच जेवतो!

गेल्या वर्षी मावशी गेली. दिगंबर तेव्हा तालुक्याच्या गावी, खरवंडीकर गुरुजींच्या गायन वर्गात. वीस वर्षं त्यांच्याकडे शिकला, आता तिथंच शिकवतो. तेरा दिवस सगळं रीतसर केलं, पण डोळ्यांतून टिपूस नाही. गुरुजींचं वय ऐंशी. वर्ग कुणाच्या हाती द्यायचा, ते त्यांना याच वर्षी ठरवायचं होतं. आणि त्या स्पर्धेला परीक्षक कोण? तेच गुरुजी!

गावच्या बायका आल्या. हिराकाकू म्हणाली, "दिगू, आमची आरती बसवून दे बाबा."

"देतो. पण काकू, ते 'हाड' काढायचं."

"अरे देवा! आणि तिथं म्हणायचं काय?"

"मूळ शब्द काय होता?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कुणालाच आठवेना! शेवटी दिगंबरनं स्वतःच शब्द घातला — 'अंबे'. तालीम सुरू झाली. "धाव गं वाघजाई — हाड!" पुन्हा. "हाड!" पुन्हा. "अंहाड!"

"काकू!"

"मी काय करू? जीभ तुझ्या आईनं वळवलीय. तिलाच जाऊन विचार!"

दिगंबर चिडला. "गुरुजींसमोर माझी अब्रू जाईल. वर्ग हातचा जाईल. कळतंय का?"

मृदंगवाला किसन सुतार हळूच म्हणाला, "दिगूभाऊ, ते काढलं तर मला सम सापडायची नाही."

"ती माझ्या हातवाऱ्यावर धर!"

आला रविवार. दोन कडवी झकास! गुरुजींची मान डोलतेय. तिसरं कडवं आलं. "धाव गं वाघजाई —" आणि अकराच्या अकरा बायकांनी भीतीनं तोंडं गच्च मिटली! हिराकाकूनं तर पदर दातांत धरला! 'हाड' निघू नये म्हणून 'अंबे'सुद्धा निघेना. सम आली आणि समेवर कुणी नाही! वऱ्हाड दारात, नवरदेव गायब! किसनचा हात हवेत. दिगंबर हातवारा करायला गेला — आणि त्याच्याच गळ्यातून निघालं. आईच्या पट्टीत, तिच्याच सुरात, बरोबर समेवर —

"हाड!"

गुरुजींचं पेन खाली पडलं. बायकांनी सुटल्यासारखी पुढची ओळ उचलली. पेटी वाजत होती, आणि वाजवणाऱ्याचे डोळे वर्षभराचं देणं एकदम देत होते.

आरती संपली. गुरुजींनी बोलावलं. "दिगंबर, हे काय होतं?"

"आई होती, गुरुजी."

"सम बरोबर होती. पण शब्द?"

"शब्द कुत्र्याला होता, गुरुजी. सूर देवीला."

गुरुजींनी खाली पडलेलं पेन उचललं. गुणांचा कागद घडी करून खिशात घातला.

मंडळी, आईच्या फोटोला हार कुणीही घालतं; प्लास्टिकचा घातला तर रोज बदलावाही लागत नाही! पण चारचौघांत तुमच्या तोंडून तुमची आई बोलली — तिची हाक, तिचा हेल, तिची वेडीवाकडी ओळ — तर तुम्ही काय करता? मान वर ठेवता, की खोकल्यासारखं करून लपवता? खांबाशी बसलेले तुम्ही, हो, तुम्हालाच विचारतोय! उत्तर मला देऊ नका. उद्या सकाळी, घरात कुणी नसताना, तिचं एक गाणं म्हणून बघा. चुकीसकट म्हणा. चूक सुधारायची की सांभाळायची, ते तुमचा गळाच सांगेल.

आता शेवटचं, कालपर्यंत कळलं तेवढं सांगतो. स्पर्धेच्या निकालात मोरवंडपुढची जागा कोरी आहे. वर्ग कुणाला, तेही ठरलेलं नाही. मात्र मागच्या मंगळवारी सकाळी सहा वाजता खरवंडीकर गुरुजी न सांगता मोरवंडला आले, देवळाच्या पायरीवर बसले. तिसऱ्या कडव्याला त्यांची बोटं मांडीवर ठेका धरत होती, एवढं नक्की. समेला त्यांचे ओठ हलले का, यावर गावात दोन मतं आहेत. हिराकाकू म्हणते हलले. किसन म्हणतो, गुरुजी जांभई देत होते.