मास्तरांची नळी

लॅबच्या मास्तरांना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी त्यांच्या पत्नी, काकू, रक्त तपासायला त्याच लॅबमध्ये येत. रिपोर्टची वाट पाहत त्या बाकावर टेकल्या, तर खिडकीआड लॅबमधल्या दोघांची कुजबुज.

“ताई, रक्तातलं मोकळं, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेलं ड जीवनसत्त्व जुन्या रीतीने सूत्रातून काढलं, नव्या यंत्रावर थेट मोजलं. दोन्हीकडे वाढलंय.”

“कुणाचं?”

“मास्तरांचं. पद्धती ताडून पाहायला स्वतःच्या रक्ताची नळी फ्रीजरमध्ये ठेवून गेलेत ना, तीच.”

“यंत्र बिघडलं असेल.”

“दोन्ही? आणि दर उन्हाळ्यातच? हिवाळ्यात परत उतरतं. गेलेला माणूस उन्हात बसतो म्हणायचं का?”

“गप रे. अंगावर काटा आला. टाकून दे ती नळी, आत्ताच.”

काकूंनी खिडकीवर हलकेच टकटक केलं.

“नळी राहू दे गं. उद्यापासून मी त्यांना सावलीत बसवते.”